चाकाची पाठ

रिम विकायला ठेवतात ती तोंड पुढे करून. दुकानाच्या भिंतीवर, जाहिरातीत, शेजारून जाणाऱ्या गाडीवर आपल्याला तिचं तोंडच दिसतं. आरे किती आहेत, काळे की चंदेरी, कड चकचकीत की मॅट. पसंती तिथेच ठरते आणि त्यात गैर काही नाही. चाकं बदलायची हौस ही मुळात डोळ्यांचीच हौस. पण कुणी मला रिमचा फोटो पाठवून "कशी वाटते?" असं विचारलं, की मी म्हणतो, उलटी कर आणि पाठीचा फोटो पाठव. समोरचा हिरमुसतो. त्याला दाद हवी असते, तपासणी नको असते.

पाठीवर रंग धड नसतो. ओतकामाच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात, वापरलेली रिम असेल तर ब्रेकची काळी धूळ बसलेली असते. आणि आऱ्यांच्या मागे उठावात आकडे असतात: ७.५जे × १७ एच२, ईटी ४५, ५ × ११४.३, कुठेतरी ६९० किलो असा भार, एखाद्या कोपऱ्यात जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची अक्षरं. गाडीचा संबंध येतो तो या बाजूशी. हब, म्हणजे चाक ज्यावर आवळतात तो फिरता भाग, इथे टेकतो, ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) इथेच सामावतो, सस्पेन्शनचा स्ट्रट (धक्के सोसणारा उभा दांडा) इथून जेमतेम बोटभर अंतरावर उभा असतो. रिमची निवड फसते तेव्हा ती बहुतेक वेळा या बाजूला फसलेली असते, असं माझं मत होत गेलं आहे.

टायरवरचा नंबर त्या मानाने वाचायला सोपा. मध्यम आकाराच्या असंख्य गाड्यांवर कारखान्यातूनच येणारं एक माप घेऊ: २०५/५५ आर १६. यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ मात्र मिलिमीटर नाहीत, तो टक्का आहे. रुंदीच्या ५५ टक्के एवढी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, उंच, म्हणजे ११२.७५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. आणि १६ हा रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच: ५५ हा आकडा तसाच ठेवून रुंदी वाढवली की साइडवॉलही उंच होते, हे पटकन लक्षात येत नाही.

ही सरमिसळ मोडायचा प्रयत्न एकदा झाला होता. १९७५ मध्ये मिशेलिनने टीआरएक्स नावाची जोडी बाजारात आणली. टायर वेगळ्या घडणीचा, त्याला लागणारी रिमही वेगळी, आणि रिमचा व्यास चक्क मिलिमीटरमध्ये: ३९० वगैरे. ३९० मिलिमीटर म्हणजे १५.३५ इंच. तिच्यावर ना १५ चा टायर चढणार, ना १६ चा. टायर चांगला होता. बीएमडब्ल्यूपासून फोर्ड मस्टँगपर्यंत बऱ्याच गाड्यांवर तो आला. पण जगाने इंच सोडले नाहीत, आणि आज त्या जुन्या गाड्या सांभाळणारे लोक एक तर मोजक्या संख्येने निघणारा महागडा टायर शोधत बसतात किंवा रिमच बदलून टाकतात. हा किस्सा मला एका व्यवहारी कारणासाठी आवडतो. आपण निवडलेल्या रिमवर चढणारे टायर पाच वर्षांनी सहज मिळतील का, हाही मापाचाच प्रश्न आहे. रिम एकदाच घेतो, टायर पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. आडमाप निवडलं की दर वेळी दुकानदार म्हणेल त्या एका कंपनीचा टायर मुकाट्याने घ्यायचा.

चाकाचा पूर्ण व्यास काढायचा तर साइडवॉल दोनदा धरायची, एकदा वर आणि एकदा खाली, आणि तीत रिमचा व्यास मिळवायचा. आपल्या मापाचे २२५.५ अधिक ४०६.४, म्हणजे ६३१.९ मिलिमीटर. रिम एक इंचाने मोठी करायची असेल तर हा व्यास जवळपास तसाच ठेवणारा टायर हवा. २२५/४५ आर १७ चा हिशेब ६३४.३ येतो, फरक अडीच मिलिमीटरही नाही. २२५/४० आर १८ घेतला तर ६३७.२, मूळच्यापेक्षा जास्त, पण तेही एक टक्क्याच्या आत. एकाच गाडीच्या साध्या मॉडेलला सोळाची आणि वरच्या मॉडेलला सतराची किंवा अठराची चाकं असतात, तेव्हा पडद्यामागे हेच गणित असतं. दरवाजाच्या चौकटीवर जो स्टिकर असतो, त्यावर बऱ्याचदा कंपनीने मान्य केलेली मापं हवेच्या आकड्यांसकट छापलेली असतात. लोक तो स्टिकर हवा भरतानाही बघत नाहीत. मला मात्र वरच्या मॉडेलचं माप घेणं हा सगळ्यात कमी कटकटीचा अपसाइज (मोठ्या रिमवर जाणं) वाटतो. सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांच्याशी त्याची गाठ कंपनीने आधीच घालून बघितलेली असते.

माझ्या भाच्याचा बेत वेगळा होता. रिम तीच ठेवून त्याला २१५/६० आर १६ टाकायचे होते. "मामा, गाडी जरा उंच दिसेल. खड्ड्यांतही बरी." ऐकायला दहाच मिलिमीटर रुंद आणि पाचच टक्के उंच. पण हे दोन्ही बदल एकाच दिशेने ओढतात: साइडवॉल १२९ मिलिमीटर होते आणि चाकाचा व्यास ६६४.४. पाच टक्क्यांहून थोडी जास्तच वाढ. गाडी उचलली जाणार निम्म्याने, सोळा मिलिमीटर, कारण वाढलेला अर्धा व्यास जमिनीच्या बाजूला असतो आणि अर्धा वर मडगार्डच्या पोकळीत घुसतो. ती पोकळी सोळा मिलिमीटरने कमी होते, हे उंच दिसण्याच्या आनंदात कुणी मोजत नाही. शिवाय प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी लांब झाल्यासारखा वागणार, चढावर गाडी जड वाटणार. आणि स्पीडोमीटर. पूर्वी काटा अचूक होता असं धरलं, तर तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ने पळत असेल.

"पण कंपनीचे काटे मुळात जास्तच दाखवतात ना?" हा त्याचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. संयुक्त राष्ट्रांचा वाहनविषयक नियम क्रमांक ३९ बऱ्याच देशांत चालतो आणि तो एकतर्फी आहे. दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालतं. खरा वेग १०० असताना ११४ दाखवणारा काटाही नियमात बसतो. त्यामुळे कंपन्या थोडं जास्त दाखवण्याच्या बाजूला राहतात. पण ती जागा त्यांनी टायर झिजणं, हवा कमी-जास्त होणं, मान्य मापांमधला आपसातला फरक यांसाठी ठेवलेली असते. तीच जागा आपण एका झटक्यात वापरून टाकायची आणि वर म्हणायचं, काटा तर अजून बरोबर आहे. शेवटी तो २१५/५५ आर १६ वर आला. व्यास ६४२.९, वाढ १.७ टक्के. गाडी साडेपाच मिलिमीटर उंच झाली. ती उंच दिसते का? त्याला दिसते.

अनुभवी लोक व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात. मी मोठा व्हायच्या बाजूला दीड-दोनवरच थांबतो. अर्थात हे सगळं गणित कागदावरच्या, हवेत लटकणाऱ्या टायरचं. गाडीखाली टायर दबतो, आणि एका फेरीत प्रत्यक्ष कापलेलं अंतर या व्यासाच्या परिघापेक्षा थोडं कमी भरतं. तुलनेला मात्र हा कागदी हिशेब पुरतो, कारण दोन्ही टायर साधारण सारखेच दबतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र पुढच्या-मागच्या व्यासात फरक ठेवून चालत नाही. तिथे चारही टायर एकाच मापाचे, शक्य तर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. नाहीतर पुढच्या आणि मागच्या धुरांमधली यंत्रणा सरळ रस्त्यावरही सतत फिरत, तापत राहते.

रुंदीबद्दल एक समज फार पक्का आहे: टायर रुंद केला की रस्त्याला जास्त रबर टेकतं. टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः त्या चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवतात. ४०० किलो भार आणि ३२-३३ पीएसआय हवा असेल तर साधारण १८० चौरस सेंटिमीटर, टायर १९५ चा असो की २२५ चा. साइडवॉलचा ताठपणा यात थोडी ढवळाढवळ करतो, पण थोडीच. रुंद टायरने बदलतो तो रस्त्याला टेकलेल्या या डागाचा आकार: रुंदीला वाढतो, लांबीला आखडतो. वळणावर, कोरड्या रस्त्यावर त्याचा फायदा जाणवतो. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं. साचलेल्या पाण्यात उलटं होतं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि त्यासाठी डागाची लांबी मिळते कमी. तो पाण्यावर लवकर तरंगतो. पावसाळी रस्त्यावर बराच काळ गाडी चालवणाऱ्याने रुंदीचा हव्यास धरताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि टायर रुंद केला की रिमही त्याला साजेशी लागते. पाठीवरच्या ७.५जे मधले साडेसात म्हणजे रिमची आतली रुंदी, इंचांत. जे हा कडेचा आकार. एच२ म्हणजे आत दोन बाजूंना असलेले दोन उंचवटे, हवा कमी झाल्यावरही टायरची कड आत घसरू नये म्हणून. २०५/५५ आर १६ साठी साडेपाच ते साडेसात इंचांची रिम चालते. २२५/४५ आर १७ ला सात ते साडेआठ. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो फुगतो आणि वळताना डोलतो. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची एक फॅशन आहे. साइडवॉल तिरकी पडते, रिमची कड उघडी राहते, फोटो छान येतात. कठड्याला पहिला धक्का कुठे बसेल ते वेगळं सांगायला नको. माझं त्याबद्दलचं मत मी मागितल्याशिवाय देत नाही. इथे कुणी मागितलेलं नाही, तरी सांगतो, मला ती चाकं केविलवाणी वाटतात.

आता ईटी. हे दोन अक्षरांचं प्रकरण सगळ्यात कमी लोकांना कळतं आणि टायर सगळ्यात जास्त घासतात ते त्याच्यामुळेच. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा काढा. रिम हबला जिथे टेकते तो सपाट चेहरा त्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, तो हा आकडा. तोच ऑफसेट. ईटी ४५ म्हणजे टेकणारा भाग मध्यरेषेच्या ४५ मिलिमीटर बाहेर. आकडा कमी झाला की चाक गाडीबाहेर सरकतं, वाढला की आत जातं. इथपर्यंत सोपं आहे. गुंता होतो रुंदीही बदलली की, आणि अपसाइज करताना ती बहुतेक वेळा बदलतेच.

समजा कंपनीची रिम आहे ६.५जे, ईटी ४५. नवी पसंत पडलेली ७.५जे, ईटी ३८. ऑफसेटमध्ये फरक सातचा, म्हणून चाक सात मिलिमीटर बाहेर येईल असं वाटतं. पण रिम एक इंचाने रुंद झाली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढली. बाहेरची कड येते १२.७ अधिक ७, म्हणजे जवळजवळ वीस मिलिमीटर बाहेर. आणि आतली कड, चाक बाहेर सरकूनही, ५.७ मिलिमीटर आतच शिरते. हीच रिम ईटी ५० ची घेतली तर बाहेर पावणेआठ आणि आत जवळपास अठरा. तेव्हा स्ट्रटजवळ हात घालून बघितलेलं बरं, तिथे अठरा मिलिमीटर मोकळे आहेत का. कित्येक गाड्यांत नसतात.

बाहेर वीस मिलिमीटर म्हणजे गाडी रुंद, ऐटदार दिसते. लोकांना हवी असते ती हीच पोझ. पण पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका ठरावीक बिंदूवर भेटतो. त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर अभियंत्यांनी मोजून-मापून ठरवलेलं असतं. कित्येक गाड्यांत तो बिंदू मुद्दाम टायरच्या मध्याच्या बाहेर ठेवतात. १९७२ च्या ऑडी ८० मधली ही रचना खूप गाजली. त्यामुळे एका बाजूचं चाक निसरड्यावर आणि दुसरं कोरड्यावर असताना जोरात ब्रेक मारला, तर गाडी जास्त पकड असलेल्या बाजूला ओढली जाऊ पाहते आणि स्टिअरिंग आपोआप उलट दिशेने किंचित वळून तिला सावरतं. ईटी कमी केला की हे अंतर तेवढ्या मिलिमीटरने बदलतं, आणि पुरेसा कमी केला तर त्याची दिशाच उलटते. मग तेच स्टिअरिंग सावरण्याऐवजी ओढण्याला साथ देतं. रोजच्या चालवण्यात हे कळत नाही. रस्त्यातल्या चरांमागे गाडी थोडी भटकते, स्टिअरिंग हातात थोडं जास्त बोलतं, एवढंच. बेअरिंगचंही तेच. चाकाचा भार त्याच्या ठरलेल्या जागेवरून जायला हवा. तो बाहेर सरकला की बेअरिंगवर सतत वाकवणारा ताण येतो आणि ते वेळेआधी गुणगुणायला लागतं. पाच मिलिमीटरने आभाळ कोसळत नाही. वीस-पंचवीसने काय होतं ते मात्र पहिल्या महिन्यात दिसत नाही, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही.

रिम आणि हब यांच्यामध्ये चकती घालून, म्हणजे स्पेसर लावून, हीच पोझ मिळवता येते. चांगल्या स्पेसरचं मला वावडं नाही. पण दहाचा स्पेसर आणि ईटी दहाने कमी असलेली रिम यांत वरच्या हिशेबाला काहीच फरक दिसत नाही, हे स्पेसरवाले विसरतात. आणि स्पेसर लावला की जुना बोल्ट तेवढ्याच मिलिमीटरने आखूड पडतो.

नटांच्या वर्तुळाचा व्यास, पीसीडी, इथे तडजोडीला जागाच नाही. ५ × ११२ आणि ५ × ११४.३ यांत फरक व्यासावर २.३ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक आपल्या जागेपासून सव्वा मिलिमीटरही हललेलं नाही. हाताने ढकललं तर रिम बसतेसुद्धा. ४ × ९८ आणि ४ × १०० ची हीच गोष्ट. बोल्ट मग तिरके बसतात, दर फेरीला वाकण्याचा ताण सोसतात आणि चाक आपल्या केंद्रापासून ढळतं. अशी चाकं "चालतायत की" म्हणून मिरवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या मागे गाडी चालवायचं टाळलं आहे. मोजायचं कसं, हेही सांगून टाकतो, कारण पाच भोकांत एकही भोक दुसऱ्याच्या बरोबर समोर नसतं आणि पट्टी कुठे धरावी कळत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. ११२ ला ते अंतर ६५.८ येतं, ११४.३ ला ६७.२. फरक दीड मिलिमीटरचाही नाही. साध्या पट्टीवर विसंबू नका, व्हर्निअर घ्या. ११४.३ हा विचित्र आकडाही, जाता जाता, मिलिमीटरच्या कपड्यांतले साडेचार इंचच आहेत.

रिमच्या मधोमध जे मोठं छिद्र असतं त्याची चौकशी कुणी करत नाही. बाजारातल्या बऱ्याच रिम मुद्दाम मोठ्या छिद्राच्या केलेल्या असतात, म्हणजे एकच रिम वेगवेगळ्या गाड्यांना जाते: कुणाच्या हबची मान ५४.१ मिलिमीटरची, कुणाची ५७.१, कुणाची ६६.६. मोकळी राहिलेली फट भरायला कडी मिळते, हब रिंग. जात्याची वरची तळी मधल्या खुंट्यावर बसते म्हणून मधोमध फिरते. खुंटा सैल असेल तर ती हेलकावते, तसं या फटीने होतं. चाक ओढून धरायचं काम नटांच्या आवळणीचं असतं, पण आवळताना ते बरोबर केंद्रावर आणायचं काम या मानेचं. रिंग न घालता बसवलेल्या रिमचं बॅलन्सिंग यंत्रावर अगदी शून्य दाखवतं आणि ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस बॅलन्सिंगवाल्याशी भांडतो.

नटही बघायचे. कुठे बूड ६० अंशांच्या शंकूचं, कुठे गोलाईचं, कुठे सपाट वायसरचं. शंकूचा नट गोलाईच्या खड्ड्यात घातला तर तो बारीकशा रेषेवर टेकतो. आवळताना पाना खट्कन थांबतो, घट्ट वाटतो, आणि काही दिवसांनी सैल होतो. पाठ आणि पुढा यांच्या मधल्या या काही मिलिमीटर धातूवर गाडी उभी असते.

भाराचं पुढचं. टायरवर मापानंतर ९१ व्ही असं काही लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे ६१५ किलो, व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेगापर्यंत. एच असेल तर २१०. मूळ टायर ९१ चा असेल तर ८८ चा घेऊ नये. तो ५६० किलोंचा. एका धुरेवरच्या दोन टायरांची बेरीज त्या धुरेच्या कमाल भारापेक्षा जास्त हवीच, आणि रिमच्या पाठीवरचा भाराचा आकडाही याच तराजूत घालायचा. एक्सएल लिहिलेले मजबूत टायर घेतले की लोक निर्धास्त होतात. ९४ एक्सएल ६७० किलो पेलतो खरा, पण २.९ बार म्हणजे ४२ पीएसआय हवेला. साधा ९१ आपले ६१५ किलो २.५ बारला पेलतो. एक्सएलमध्येही तेवढीच अडीच बार भरली तर तो साध्या टायरपेक्षा थोडं कमीच पेलतो. टायरमध्ये वजन उचलते ती हवा. रबर आणि तारा तिला फक्त धरून ठेवतात. म्हणून माप बदललं की जुने हवेचे आकडेही आपोआप लागू राहत नाहीत.

सोळावरून एकोणिसावर गेलं, २२५/३५ आर १९ घेतला, तर व्यास ६४०.१ येतो, म्हणजे हिशेब जमतो. पण साइडवॉल ११२.७५ वरून ७८.७५ वर येते. चौतीस मिलिमीटर हवेची उशी गेली. खड्ड्याची धार टायरला रिमवर चिमटते तेव्हा आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी साइडवॉलवर फुगा दिसतो. त्या फुग्याला दुरुस्ती नाही. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते, आणि तिचं वजन कडेला असतं. कडेचा एक किलो वेग घेताना गाडीतल्या जवळपास दोन किलोंइतका जाणवतो, आणि स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर सस्पेन्शनला त्याला आवरत बसावं लागतं. साच्यात ओतलेल्या स्वस्त एकोणिसापेक्षा घडाई केलेली, हलकी सतरा मला केव्हाही पसंत. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हा प्रश्न सगळ्यांना दिसू लागला आहे. एकाच गाडीच्या दोन रिमना कंपनी एका चार्जमध्ये कापायची दोन वेगवेगळी अंतरं छापते, आणि मोठ्या रिमचा आकडा लहान असतो.

तरीही मोठी चाकं सुंदर दिसतात, हे मी नाकारणार नाही. गाडी कागदावर पहिल्यांदा रेखाटतात तेव्हाच तिला अवाढव्य चाकं काढतात आणि मडगार्डची पोकळी टायरने गच्च भरलेली दाखवतात. प्रत्यक्ष गाडीत सस्पेन्शनला वर-खाली व्हायला जागा लागते, माणसं बसतात, पाठीमागे सामान येतं, म्हणून ती पोकळी उघडी राहते. डोळ्याला ती राहून गेलेली चूक वाटते. ती भरून काढायचा मोह मलाही होतो. एक इंच वाढवल्याने तो बराचसा शमतो, असं माझ्या लक्षात आलं आहे. त्यापुढचा प्रत्येक इंच डोळ्याला कमी देतो आणि कमरेकडून जास्त घेतो.

लहान रिमची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून दोन वाक्यं. खराब रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला एक इंच लहान रिम आणि उंच साइडवॉल ही उत्तम जोडी असते, मात्र ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर तिच्यात मावले पाहिजेत. मावण्याचा प्रश्न मोठ्या रिमलाही सुटत नाही: काही रिमचे आरे आत इतके वळलेले असतात की अठरा इंचांतही कॅलिपर घासतो.

बसवण्याआधी एकच रिम, टायर चढवून, पुढच्या हबवर लावून बघावी. चाकवाला कुरकुरतो, कुरकुरू द्यावं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आतून बॅटरीच्या उजेडात बघायचं. मग गाडी जमिनीवर आणून एक चाक फरशीच्या उंचवट्यावर चढवायचं, म्हणजे सस्पेन्शन दबेल, आणि पुन्हा तसंच फिरवायचं. मागे दोन-तीन धट्टीकट्टी माणसं बसवायची. रिकामी गाडी दुकानासमोर कधीच घासत नाही. छापलेल्या मापावरही पूर्ण विसंबता येत नाही. मानकं टायरला छापील रुंदीच्या चार टक्के जास्त असायची सूट देतात, म्हणजे २२५ चा टायर प्रत्यक्षात २३४ भरू शकतो, वर रिम वाचवणारी रबरी कड असेल तर आणखी काही मिलिमीटर. एका कंपनीचा मोकळा फिरतो त्याच जागी दुसरीचा त्याच मापाचा टायर घासतो, ते यामुळे.

नट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्कच्या पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. नवा रंग टेकणाऱ्या भागावर असतो, तो दबतो आणि आवळणी किंचित उतरते.

राहिलं डिकीतलं पाचवं चाक. ते जुन्या मापाचं आणि बहुधा लोखंडी असतं. पुढचा टायर पंक्चर झाल्यावर नव्या चाकांशी त्याचा व्यास किती जुळतो हे तर बघावंच, पण त्याआधी नट-बोल्ट बघावेत. अलॉय (मिश्रधातूच्या) रिमसाठी आणलेले लांब बोल्ट पातळ लोखंडी रिममधून फार आत जातात आणि ड्रममधल्या भागांना किंवा हबच्या मागे टेकू शकतात. वेगळ्या बुडाचे नट तिच्यात नीट बसतच नाहीत. तेव्हा कंपनीचे जुने नट-बोल्ट भंगारात देऊ नका. एका पिशवीत बांधून, पिशवीवर "स्टेपनीचे" असं लिहून, ते जॅकच्या शेजारी ठेवा.